गच्चीवरची मोफत बाग आणि बसायची जागा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या शहरांत फिरायला जाणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून जे लेख येतात, त्यांत गेली काही वर्षे एक ठिकाण हमखास असते: उंच कार्यालयीन इमारतीच्या माथ्यावर केलेली बाग, तिथून दिसणारे सगळे शहर, आणि वर जायला तिकीट नाही. अशा बागा मला मनापासून आवडतात आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या जरूर पाहाव्यात, असेच माझे मत आहे. परंतु त्या मोफत का असतात, त्यासाठी कोणी कोणाला काय दिलेले असते, हे या लेखांत जवळजवळ कधीच येत नाही. ते ठाऊक नसल्यामुळे तिथे गेलेला माणूस दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यासारखा संकोचून वावरतो, कोणी उठायला सांगितले की मुकाट्याने उठतो आणि वर आभार मानून खाली उतरतो. हा संकोच अनावश्यक आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी निवृत्त संरचना अभियंता आहे. कोणत्या स्लॅबवर किती भार येणार याची गणिते करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे गच्चीवर झाड दिसले की माझे लक्ष आधी त्याच्या फुलांकडे न जाता ते कोणत्या खांबावर उभे आहे तिकडे जाते. माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आक्का म्हणतो, झाडांचे अतोनात प्रेम आहे. तिचे गुडघे मात्र गेल्या दहा-बारा वर्षांपासून तिला साथ देत नाहीत. आम्ही दोघांनी मिळून अशा काही बागा पाहिल्या आणि त्यांतून जे समजले, त्याला मी कामापुरती वाचनाची जोड दिली.

लंडनचे उदाहरण आधी घेतो, कारण या बागांमागचा व्यवहार तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. फेनचर्च स्ट्रीटवरील २० क्रमांकाची इमारत वास्तुरचनाकार राफाएल विन्योली यांची. ती खालून वर जाताना रुंद होत जाते, आणि या आकारामुळे लंडनकर तिला वॉकी-टॉकी म्हणतात. वरच्या मजल्यांना भाडे जास्त मिळते, म्हणून ते मजले मोठे ठेवले, इतका सरळ हिशेब त्या आकारात आहे. लंडनच्या जुन्या व्यापारी भागातल्या बहुतेक उंच इमारती एका ठरावीक पट्ट्यात दाटीने उभ्या आहेत. ही मात्र त्या समूहापासून सुटून, थेम्सच्या जवळ, एकटीच उभी राहणार होती. तिथून टॉवर ऑफ लंडन फार लांब नाही. ऐतिहासिक वास्तूंमागचे आकाश या इमारतीमुळे झाकले जाईल, असे आक्षेप आले. मूळ आराखड्यात ती सुमारे २०० मीटर होती, ती उतरवून १६० मीटरपर्यंत आणली गेली. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले आणि २००७ मध्ये सरकारने परवानगी दिली. या सगळ्या वादात इमारतीच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले, त्यांपैकी एक ठळक मुद्दा असा होता की तिच्या माथ्यावर सर्वांसाठी खुली बाग असेल. जानेवारी २०१५ मध्ये ती ‘स्काय गार्डन’ या नावाने उघडली.

म्हणजे ती बाग कोणी लंडनला भेट म्हणून दिलेली नाही. शहराने आपल्या आकाशाचा एक तुकडा दिला आणि त्या बदल्यात त्या उंचीवर जाण्याचा हक्क आपल्या लोकांसाठी राखून ठेवला. वर जाणाऱ्याला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, याचा अर्थ त्याची किंमत दिलीच गेली नाही असा होत नाही. ती त्या शहराने एकत्रितपणे, आणि कायमची, चुकती केलेली आहे. परक्या देशातून आलेल्या मला आणि आक्काला त्याचा लाभ मिळतो, कारण त्या शहराने तो हक्क वाटताना पारपत्र पाहिलेले नाही. ही त्या शहराची उदारता आहे आणि माझे आभार असतील तर ते त्या शहराला आहेत.

उघडल्यानंतर या बागेवर बरीच टीकाही झाली. बाग म्हणताना लोकांच्या मनात उघडे आकाश, गवत आणि झाडाखाली बसण्याची मुभा असते; प्रत्यक्षात वर मिळाले ते काचेचे छप्पर असलेले भव्य दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारे हिरवे उतार, आणि मधोमध उपाहारगृहे. आगाऊ वेळ ठरवून ओळखपत्रासह येण्याची आणि विमानतळासारख्या तपासणीतून जाण्याची अटही अनेकांना खटकली. हे आक्षेप मला रास्त वाटतात. तरीही त्या ठिकाणी उभे राहून जे दिसते, ते कमी लेखावे असे मला वाटत नाही. काचेमुळे वारा अडतो, म्हणून तिथे वृक्षनेचे, अंजीर आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या लिली तग धरतात. त्या उंचीवर, त्या हवेत, उघड्यावर ही झाडे जगणे कठीण होते. नदीच्या बाजूला खाली पाहिले की एक दगडी स्तंभ दिसतो. १६६६ च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळाला, त्याच्या स्मरणार्थ १६७७ मध्ये पुरा झालेला हा ६२ मीटरांचा स्तंभ. त्याच्या ३११ पायऱ्या चढून लोक शहर पाहत आले आहेत. त्याच्या टोकावरची सोनेरी ज्वाळा आता आपल्या पायांच्या कितीतरी खाली चमकते. आक्का त्या काचेशी बराच वेळ उभी होती. तिला त्या स्तंभाचे फार अप्रूप वाटले, मोठ्या इमारतींचे तितकेसे वाटले नाही.

इथे माझ्या व्यवसायातले थोडे सांगतो. जमिनीवर बाग करणे आणि स्लॅबवर बाग करणे यांत फार अंतर आहे. पाण्याने भिजलेल्या मातीचा एक घनमीटर दीड ते दोन टन भरतो. म्हणजे फक्त एक फूट जाडीचा थर दिला, तरी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेचारशे ते सहाशे किलो भार कायमचा बसतो. कार्यालयाच्या मजल्यावर माणसे आणि सामान मिळून आम्ही जो भार धरतो, तो साधारणपणे अडीचशे ते चारशे किलो असतो. मोठ्या झाडाला तर एक फूट माती पुरत नाही. म्हणून साधी माती न वापरता प्युमिससारखा हलका ज्वालामुखी दगड किंवा भाजून फुगवलेल्या चिकणमातीच्या गोळ्या मिसळलेले मिश्रण वापरतात, जिथे उंचवटा हवा असतो तिथे आत फोमचे ठोकळे भरून वर पातळ थर देतात आणि जड झाड शक्यतो खांबाच्या डोक्यावरच लावतात. मातीखाली पाणी वाहून नेणारा थर, त्याखाली मुळांना अडवणारा पडदा, आणि सर्वांत खाली वॉटरप्रूफिंग. हा शेवटचा थर गळू लागला तर तो दुरुस्त करण्यासाठी वरची अख्खी बाग उचलावी लागते. वारा हा निराळाच विषय आहे. तो मुळे हलवतो, पाने सुकवतो आणि माती उडवून नेतो.

हे एवढ्यासाठी सांगितले की अशी बाग करणाऱ्याचा खर्च खरा असतो, ती जपणाऱ्या माळ्यांचे कौशल्य खरे असते, आणि कोणी ती चांगली केली असेल तर तिचे कौतुक मोकळ्या मनाने करावे. परंतु कौतुक आणि उपकृत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आमचा एक अनुभव. तो लंडनचा नाही. दुसऱ्या एका देशातील मोठ्या शहरातला आहे, आणि मी त्या इमारतीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही बारा दिवस आधी वेळ आरक्षित केली होती. ठरलेल्या वेळेच्या आधी पोहोचलो, तरी तपासणीच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो. ती रांग उन्हात होती आणि तिच्या कडेने एकही बाक नव्हता. वर पोहोचलो तेव्हा आक्काचे पाय थरथरत होते. बाग देखणी होती. गवताचे पट्टे होते, कडेने लव्हेंडर होते, समोर अख्खे शहर पसरले होते. बसायला जागा मात्र फक्त उपाहारगृहाच्या खुर्च्यांवर होती. आक्का त्यातल्या एकीवर टेकली, तर एका तरुण कर्मचाऱ्याने येऊन सांगितले की या खुर्च्या ग्राहकांसाठी आहेत. त्याचे बोलणे नम्र होते, त्यात त्याचा काही दोष नव्हता; त्याला तसे सांगायला नेमलेले होते. ती उठली आणि लव्हेंडरच्या वाफ्याच्या दगडी कडेवर बसली. पाच मिनिटांत दुसऱ्याने येऊन सांगितले की वाफ्यांवर बसण्यास मनाई आहे. मग ती कठड्याला धरून उभी राहिली. आमची वेळ एक तासाची होती. पंचवीस मिनिटांत आम्ही लिफ्टकडे वळलो.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, “अरे, आपण फुकट आलो होतो, मग त्यांना कसे काय बोलणार?” मी त्या वेळी गप्प राहिलो. संपादक महोदय, त्या वाक्याने मला पुढे कित्येक महिने स्वस्थ बसू दिले नाही. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले, ते पुढे देतो.

न्यूयॉर्क शहराने १९६१ साली आपल्या बांधकाम नियमावलीत एक तरतूद केली. जो विकासक आपल्या भूखंडावर लोकांसाठी खुला चौक ठेवील, त्याला वाढीव चटईक्षेत्र मिळेल, ही ती तरतूद. सर्वांत दाट वस्तीच्या भागांत चौकाच्या एका चौरस फुटामागे दहा चौरस फुटांपर्यंत जादा बांधकाम करता येत असे. मालकी खासगी, वापर सार्वजनिक, असा हा प्रकार तिथपासून वाढीला लागला. असे शेकडो चौक झाले. त्यांतले कित्येक ओसाड होते, आणि काही मात्र भरलेले असत. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध विल्यम व्हाइट या शहरी जीवनाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात घेतला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चौकांवर कॅमेरे लावले, माणसे मोजली, ऊन-सावली नोंदली, आकार मापले. निष्कर्ष निघाला तो इतका साधा की त्याला शोध म्हणायलाही कोणी धजावले नसते: माणसे तिथे बसतात, जिथे बसायला जागा असते. त्या निरीक्षणांच्या आधारे १९७५ मध्ये न्यूयॉर्कचे नियम बदलले आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसण्याची जागा ठेवणे बंधनकारक झाले.

पन्नास वर्षांपूर्वीचा हा नियम वाचताना मला आक्काचा तो दगडी वाफा आठवला. एका शहराने फुटपट्टीने मोजून सांगितले होते की बसण्याची जागा ही सार्वजनिकपणाची अट आहे. ती मालकाच्या मेहेरबानीवर सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. आपल्याकडे ‘कट्टा’ म्हणतात त्याला दुसऱ्या भाषांत नेमका प्रतिशब्द असो वा नसो, ती गरज सगळीकडची आहे. ज्या ठिकाणी टेकायला कट्टा नाही ते ठिकाण पाहून पुढे जाण्याचे असते, थांबण्याचे नसते.

नियम झाला म्हणून सगळे सुधारले, असेही नाही. २००० साली न्यूयॉर्कमधील अशा ठिकाणांचा जो सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ३२० इमारतींशी जोडलेल्या ५०३ जागांची पाहणी होती. त्यांतल्या सुमारे ४१ टक्के जागा लोकांच्या फारशा उपयोगाच्या नसल्याचे आढळले, आणि जवळपास निम्म्या इमारतींनी कोणती ना कोणती अट मोडली होती. कुठे फाटक बंद, कुठे बाके काढून टाकलेली, कुठे शेजारच्या उपाहारगृहाच्या खुर्च्या हळूहळू पुढे सरकून सार्वजनिक जागा गिळत गेलेल्या. वाढीव चटईक्षेत्र मात्र प्रत्येक इमारतीत जागच्या जागी होते. दिलेले परत घेता येत नाही आणि मिळायचे ते मिळत नाही, अशी ही एकतर्फी स्थिती आहे. चौक निदान रस्त्यावर असतो. त्याला कुलूप लागले तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसते. गच्चीवरची बाग पंचविसाव्या मजल्यावर बंद राहिली, तर ती बंद आहे हे खाली कोणाला कळणार?

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने उभा राहिला. १९८५ च्या नगररचना आराखड्यानुसार तिथल्या मध्यवर्ती भागात कार्यालयाच्या दर ५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट खुली जागा जनतेसाठी देणे आवश्यक ठरले. अनेक विकासकांनी ती गच्चीवर दिली. त्यांतल्या काही जागा खरोखर सुरेख आहेत, पण तिथे पोहोचण्यासाठी आधी त्या आहेत हे ठाऊक हवे, मग इमारतीच्या प्रवेशकक्षात शिरण्याचे धैर्य हवे, आणि मग नेमकी लिफ्ट सापडायला हवी. पाटी लहान, कोपऱ्यात लावलेली. अखेर पाट्या ठळक असाव्यात यासाठी तिथे नियम कडक करावे लागले. त्याच शहरात बसस्थानकाच्या छतावर ५.४ एकरांचे उद्यान आहे, ज्यात कोणीही रस्त्यावरून सरळ वर जाऊन फिरू शकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ते उघडले आणि सहा आठवड्यांत खालच्या पोलादी तुळयांना तडे गेल्याचे आढळल्याने बंद करावे लागले. जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा खुले झाले. ते तडे मातीच्या वजनामुळे गेले असे कित्येकांना वाटते, पण तसे नव्हते. तुळयांमध्ये वेल्डिंगसाठी केलेल्या छिद्रांच्या कडांपासून त्यांची सुरुवात झाली होती. हा खुलासा माझ्या व्यवसायाचे कर्तव्य म्हणून करतो, कारण त्या घटनेनंतर गच्चीवरच्या झाडांनाच धोकादायक ठरवणारी बरीच विधाने माझ्या वाचनात आली.

लंडनला आम्ही गेलो, तेव्हा मे महिना होता. स्काय गार्डन पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रस्त्यावरच्या १२० क्रमांकाच्या इमारतीत गेलो. तिची बाग २०१९ मध्ये उघडली, ती पंधराव्या मजल्यावर आहे, आणि तिथे आगाऊ वेळ घ्यावी लागत नाही. खालच्या वाटेच्या छताला एक भलामोठा पडदा आहे, त्यावर चित्रे हलत असतात. त्याखालून जायचे, पिशवी तपासून घ्यायची आणि लिफ्टने वर जायचे. आम्हाला तिथे थांबावे लागले ते जेमतेम चार मिनिटे. वर विस्टेरियाचे वेल चढवलेला मांडव आहे, उथळ पाण्याचा पाट आहे, आणि मांडवाखाली आणि कडेने बसायला जागा आहे. जांभळे घोस अजून लोंबत होते. आक्का बसली. तिने आधी पाय लांब केले, मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मग चष्मा पुसला. शेजारी एक कार्यालयीन कर्मचारी दुपारचा डबा खात होता, पलीकडे दोन म्हाताऱ्या स्त्रिया कागदावर समोरची इमारत चितारत होत्या. आमच्याजवळ कोणी आले नाही, आम्हाला कोणी काही विचारले नाही. सव्वा तास आम्ही तिथे होतो.

उंचीचा विचार केला, तर ही बाग पहिलीच्या निम्म्यानेही वर नाही. तिथून वॉकी-टॉकीची काचेची बाजू मान वर करून पाहावी लागते. आता त्याच भागात २२ बिशप्सगेट या इमारतीच्या ५८ व्या मजल्यावर, २५४ मीटरांवर, मोफत शहरदर्शनाची सोय २०२३ पासून झाली आहे. आठ बिशप्सगेट या इमारतीच्या ५० व्या मजल्यावरही तशीच जागा आहे. नव्या उंच इमारतींकडून अशी मोफत जागा मागून घेण्याचे धोरण त्या भागाच्या प्रशासनाने सातत्याने चालवले आहे आणि ते अनुकरणीय आहे. पण उंची वाढली म्हणून बागेचे सुख वाढते, असा माझा अनुभव नाही. शंभर मीटरांच्या वर माणसे दिसत नाहीशी होतात, शहर नकाशासारखे होते. तो नकाशा दहा मिनिटे फार आवडतो. पंधराव्या मजल्यावरून समोरच्या कचेरीतली माणसे दिसतात, शेजारच्या गच्चीवर कोणी काय ठेवले आहे ते दिसते, बसची छते दिसतात. सेंट पॉल कॅथीड्रलशेजारी वन न्यू चेंज नावाची एक व्यापारी इमारत आहे. १९३७ पासून त्या परिसरात कॅथीड्रलचे दर्शन झाकू नये म्हणून उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे ती बुटकी आहे. तिच्या गच्चीवर लिफ्टने कोणीही, न विचारता, जाऊ शकतो, आणि तिथे तो घुमट इतका समोर, इतका जवळ असतो की आक्काला क्षणभर बोलताच आले नाही.

जपानमधील फुकुओका येथील एका बागेचा उल्लेख करण्याचा मोह मला आवरत नाही. ती मी पाहिलेली नाही. केवळ तिचे छेद आणि आराखडे अभ्यासले आहेत. १९९५ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीला अॅक्रॉस म्हणतात आणि तिचे रचनाकार एमिलियो आंबाझ. शहरातल्या एका उद्यानाला लागून असलेल्या सरकारी जागेवर मोठे बांधकाम करायचे होते, तेव्हा उद्यानाची हिरवळ संपू नये म्हणून त्यांनी इमारतीची ती बाजू पायऱ्या-पायऱ्यांची केली. उद्यानाच्या जमिनीवरूनच जिना सुरू होतो आणि झाडीतून चढत माथ्याकडे जातो. सुरुवातीला तिथे ७६ जातींची सुमारे ३७ हजार झाडे लावली होती. नंतर पक्ष्यांनी आणलेल्या बियांमुळे जाती वाढत गेल्या. रस्ता आणि गच्ची यांच्यामध्ये प्रवेशकक्ष, टेबल, रजिस्टर, पहारेकरी असे काहीच येत नाही, ही मला त्या रचनेची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आक्काला त्या पायऱ्या चढता येणार नाहीत, हे मात्र खरे.

जिथे मालकच सरकार आहे, तिथे गोष्टी सोप्या असतात. टोकियोच्या महानगर प्रशासनाच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटरांवर, शहर पाहण्याची दालने आहेत आणि ती मोफत आहेत. बाग नाही, पण प्रश्नही नाहीत.

जे वाचक अशा ठिकाणी जाणार असतील, त्यांना अनुभवाने चार गोष्टी सांगतो. आगाऊ वेळ लागते की नाही ते आधी पाहावे, आणि लागत असेल तर आरक्षण कोणत्या दिवशी खुले होते तेही पाहावे, कारण सूर्यास्ताच्या वेळा सर्वांत आधी संपतात. त्या हुकल्या तर वाईट वाटून घेऊ नये. काचेच्या दालनात अंधार पडू लागला की आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब काचेत पडते आणि बाहेरच्या शहरापेक्षा आपणच जास्त दिसू लागतो. सकाळी, कामाच्या दिवशी, गर्दी कमी असते. सोबत वृद्ध माणूस असेल तर रांगेत बसायला काही मिळते का, तपासणीच्या आधी चाकाची खुर्ची मिळू शकते का, हे पत्र किंवा फोन करून विचारून ठेवावे. विचारलेल्याला बहुधा वेगळ्या दाराने नेतात. जोराचा वारा असेल तर उघड्या गच्च्या ऐनवेळी बंद करतात, आणि त्याबद्दल कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये, ते आपल्याच भल्यासाठी असते. खासगी समारंभासाठी बाग बंद ठेवली जाते, तेव्हा मात्र ती किती दिवस आणि कोणत्या अटीवर बंद ठेवण्याची मुभा आहे हे विचारण्यास हरकत नाही. न्यूयॉर्कमध्ये अशा प्रत्येक जागेवर ती सार्वजनिक असल्याची पाटी, उघडी राहण्याची वेळ आणि तिथे काय-काय सोयी असायला हव्यात त्यांची नोंद लावणे नियमाने अपेक्षित आहे. आपण जिथे उभे आहोत तिथे तशी पाटी दिसते का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता आपणास एक विनंती. आपल्या पुरवणीत यापुढे अशा एखाद्या बागेविषयी लेख येईल, तेव्हा लेखकाने कृपया मोफत या शब्दाच्या पुढे आणखी तीन-चार वाक्ये लिहावीत: वर जायला आरक्षण लागते का, मोबाइल किंवा ई-मेल नसलेल्या माणसाला जाता येते का, काहीही विकत न घेता बसता येईल अशी किती आसने आहेत, लिफ्टपासून बागेच्या कडेपर्यंत पायऱ्या आहेत की उतार आहे. आणि माहिती मिळत असेल तर ती बाग कोणत्या परवानगीच्या बदल्यात उभी राहिली, हेही एका ओळीत यावे. छायाचित्र एखादे कमी छापले तरी चालेल. जिथे ही उत्तरे समाधानकारक असतील, त्या बागेचे भरभरून कौतुक व्हावे, तिथल्या माळ्यांचेही व्हावे. जिथे नसतील, तिथे तसे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्या वृद्धांना उन्हात पाऊण तास उभे राहून ते कळण्याची वेळ येणार नाही.

येत्या वर्षी आक्काला घेऊन पुन्हा एक प्रवास करण्याचे ठरत आहे. या वेळी वेळ आरक्षित करण्याआधी मी त्या व्यवस्थापनाला पत्र पाठवले असून त्यात बाकांची संख्या विचारली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त संरचना अभियंता